काटा शून्यावर येईपर्यंत

वजनाच्या खोलीत एकूण आठ वस्तू होत्या. लोखंडी टेबल, टेबलावर तान्ह्या बाळांचा वजनकाटा, धुतलेल्या सुती चादरींची चळत, पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा, स्टूल, बेसिन, साबणाची बाटली आणि भिंतीत एक खिळा, ज्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. काट्याच्या पांढऱ्या ताटाला एका टोकाशी पिवळ्या बदकाचं चित्र चिकटवलेलं होतं. त्याची चोच खरवडून निघाली होती. बदक ही वेगळी वस्तू धरायची की काट्याचाच भाग, याचा मी थोडा वेळ विचार केला आणि भाग धरला.

मोजायची सवय कामामुळे लागली. मी वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. दुकानांतले, कारखान्यांतले, औषध कंपन्यांतले काटे आमच्याकडे येतात. आमची प्रमाण वजनं आम्ही उघड्या हाताने उचलत नाही, लहान चिमट्याने आणि मोठी हातमोजे घालून उचलतो, कारण बोटाच्या ठशालाही वजन असतं. आणि एक नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकतो. काट्यावर वजन ठेवलं की आकडा बघायचा, आणि वजन उचलल्यावर पुन्हा बघायचा. रिकामा काटा शून्यावर परत आला पाहिजे. नाही आला, तर आधीच्या आकड्याला अर्थ नाही.

माझी मुलगी पाच महिन्यांची होती. कागदावर तिचं नाव वेगळं होतं, पण आम्ही तिला बबडी म्हणायचो. तिच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला ते कागदावर काढून दाखवलं. पाच किलोची झाली की ऑपरेशन करू, म्हणाले. त्याआधी धोका जास्त. ऑपरेशनच्या वेळी तिचं हृदय थोडा वेळ थांबवावं लागेल, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवेल, मग हृदय पुन्हा चालू करायचं. "मोटर दुरुस्त करताना लाईन बंद करतात तसं," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. डॉक्टर हसले आणि हो म्हणाले.

दाखल केलं तेव्हा बबडी चार किलो तीनशे दहा ग्रॅम होती. दूध पिता पिता दमायची, घामाघूम व्हायची आणि अर्ध्यावर सोडून द्यायची. नखं निळसर. पण ती गुणगुणायची. पोट भरलं की, झोप यायला लागली की, कधी उगाचच, नाकातून एकच सूर लावायची. हूंऽऽ. नवरा म्हणायचा, मोटर नीट चालली की अगदी असाच आवाज येतो.

रोज सकाळी वजन व्हायचं. मोठी सिस्टर ताटात चादर घालायची, शून्याचं बटण दाबायची, बाळाला उघडं करून बदकाकडे डोकं करून ठेवायची, आकडा लिहायची आणि उचलायची. उचलल्या उचलल्या तिचं बोट पुन्हा शून्यावर जायचं. पुढच्या बाळासाठी. इतक्या वर्षांच्या सवयीने ती तिकडे बघतही नव्हती.

"हा काटा जरा रुसका आहे ताई," तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं. "मधेच उणे दाखवतो. शून्य दाबायचं, की गप्प बसतो."

"कधीपासून?"

"आता... याच आठवड्यात बघतेय."

याच आठवड्यात आम्ही आलो होतो. तेव्हा मी दोन्हींचा संबंध लावला नाही. लावण्यासारखं काही नव्हतं.

उणे आकडा मी स्वतः पाहिला तो दोन दिवसांनी. बबडीला कपडे घालून खाटेवर ठेवलं, बाटली धुवायला म्हणून वजनाच्या खोलीत गेले. रिकाम्या काट्यावर आकडा होता. उणे ०.०१२. बारा ग्रॅम.

ताटात काही असताना शून्य दाबलं, तर काटा त्या असण्यालाच शून्य समजतो. मग ते उचललं की तेवढंच उणे दिसतं. म्हणजे सिस्टरने बटण दाबलं तेव्हा ताटात बारा ग्रॅमचं काहीतरी होतं आणि आता नव्हतं. उत्तर सोपं होतं. चादर. बाळाच्या घामाने चादर ओली होते, नंतर वाळते. मला बरं वाटलं. हॉस्पिटलमध्ये येऊन मला पहिल्यांदाच कशाचं तरी उत्तर मिळालं होतं.

त्याच आठवड्यात ते अडतीस ग्रॅम झालं. अडतीस ग्रॅम घाम पाच महिन्यांच्या बाळाला पाच मिनिटांत येत नाही. मी चादरीऐवजी प्लास्टिकचा कोरडा कागद घालायला लावला. त्या दिवशी चव्वेचाळीस.

मग मी जे करायला शिकले होते तेच केलं. हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले, माझं काम काय ते सांगितलं आणि तक्रार लिहून दिली. काटा शून्यावर परत येत नाही, बदलावा. ऑफिसातला माणूस म्हणाला, तुम्हीच म्हणताय म्हणजे बदलायलाच हवा, पण नवा यायला वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे.

शेजारच्या खाटेवर शिंपीणबाईंचा मुलगा होता. बाई कपडे शिवायच्या. वॉर्डातसुद्धा त्यांच्या मांडीवर काहीतरी हातशिलाईचं असायचंच. मुलगा बबडीहूनही लहानखुरा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका," त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या. "तुम्ही पोरीकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघता. काट्याला पाजणार आहात का?"

"काट्यात चूक आहे."

"असू दे ना. आमचा पैलवान चुकून जरी दोनशे ग्रॅम जास्त भरला तरी मी पेढे... अहो, चूक आपल्या बाजूची असेल तर कशाला सांगत सुटायचं?"

मी पैलवानाचं वजन झाल्यावरही थांबले. सिस्टरने सवयीने बटण दाबायच्या आत मी तिचा हात धरला. ती दचकली.

"एकदाच," मी म्हटलं. "उचलल्यावर काय दिसतं ते बघू द्या."

पैलवानाला उचललं. ०.०००.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांची परवानगी काढून प्रयोगशाळेतली वजनं आणली. एक किलो, दोन किलो, पाच किलो. हातमोजे घालून ठेवली, उचलली. काटा दरवेळी शून्यावर आला. सिस्टर दारात उभी राहून बघत होती. "झालं समाधान?" म्हणाली. मी हो म्हटलं. काटा चांगला होता. तक्रार मागे घ्यायला हवी होती, पण मला जिना उतरून ऑफिसात जाण्याचा कंटाळा आला. त्या दिवसांत मला कशाचाच राग येत नव्हता, कशाची भीती वाटत नव्हती. फक्त कंटाळा यायचा. घरून आईचा फोन यायचा, ती रडायची, मी बाटलीवरच्या रेषा मोजत ऐकायचे.

त्यानंतरच्या सकाळी बबडीला मीच उचललं आणि सिस्टरला म्हटलं, शून्य नको.

०.१४०.

आणि आकडा स्थिर नव्हता. शेवटचा अंक हलत होता. एकशे चाळीस, अडतीस, बेचाळीस, चाळीस. लोखंडाचं वजन ठेवलं तर आकडा थांबतो. पाण्याची बाटली ठेवली तरी थांबतो. जिवंत बाळ ठेवलं तर थांबत नाही, कारण बाळ श्वास घेतं.

"वारा लागत असेल," सिस्टर म्हणाली. खिडकी बंद होती. तिनेही खिडकीकडे पाहिलं, मग काहीतरी आठवल्यासारखी बाहेर गेली.

मी बबडीकडे पाहिलं. ती माझ्या हातात होती, पण सैल. डोळे उघडे, नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. वजनानंतर ती अशी होते हे मी आधीही पाहिलं होतं. गार ताटात ठेवल्याने दमते, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मला ते पटलं होतं. मी तिला घेऊन तिथेच स्टुलावर बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग आकडा उतरायला लागला. शंभर. साठ. वीस. काटा शून्यावर आला आणि माझ्या छातीशी बबडी गुणगुणली. हूंऽऽ.

मी तिला झबलं घातलं. बटणं चुकली, ती काढून पुन्हा लावली.

यानंतर मी रोज हेच केलं. बबडीचं वजन वाढत होतं, सगळे खूश होते. आणि ती उचलल्यावर जे मागे राहायचं तेही वाढत होतं, आणि परत यायला जास्त वेळ घेत होतं. आधी कपडे घालून होईपर्यंत यायचं. मग दूध होईपर्यंत. मग डॉक्टरांची फेरी संपून वॉर्डात जेवणाच्या ताटल्या वाजायला लागेपर्यंत. तोवर ती सैल पडून राहायची. यायचं मात्र. ते आलं की ती गुणगुणायची.

वॉर्डाबाहेरच्या मोठ्या काट्यावर मी तिला घेऊन उभी राहिले, मग तिला नवऱ्याकडे देऊन एकटी. वजाबाकी केली. बबडी पुरती भरली, एक ग्रॅम कमी नाही. तिच्यातलं काहीच कमी झालं नव्हतं. तरीही आत ताटात चारशे बारा ग्रॅम होते.

"काय चाललंय तुझं?" नवऱ्याने विचारलं.

मी त्याला सांगितलं. सगळं, आकड्यांसकट. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"तुझी झोप होत नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"हो. पण ते वेगळं."

"बरं." त्याने बबडीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "एक सांग. येतं ना परत?"

"अजून तरी येतं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. मला कळलं नाही की त्याला पटलं, की त्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

रोजचं वजन बंद करा, असं मी डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, वजन नाही तर औषधाचा डोस कसा ठरवू? बरोबर होतं. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बबडीचं वजन पाच किलो साठ ग्रॅम भरलं. सिस्टरने माझ्या पाठीवर थाप मारली. शिंपीणबाई म्हणाल्या, "बघा, मारली बाजी पोरीने." मी बबडीला उचललं.

०.६३०.

"आज शून्य नका दाबू," मी सिस्टरला म्हटलं. "आजचा दिवस."

"बरं बाई. आता उद्यापर्यंत कुणाचं वजन नाहीच." ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होती.

मी म्हटलं, थोडं थांबू या, तिला दूध... पण दूध द्यायचं नव्हतं, आणि थांबायचंही नव्हतं. स्ट्रेचर आलं होतं. एवढ्या लांब स्ट्रेचरवर ती एखाद्या पिशवीएवढी दिसत होती. डोळे उघडे. नजर छताच्या दिव्यांवर, पण दिवे सरकत होते तशी नजर सरकत नव्हती. दार बंद झालं.

बाहेर बाक होते. नवरा बसला. मी उभी राहिले.

"मी वजनाच्या खोलीत आहे," मी म्हटलं.

"तिथे कशाला?"

"ते अजून आलं नाही."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा. काही कळलं तर हाक मारतो."

खोलीत उन्हाची पट्टी टेबलाच्या पायापर्यंत आली होती. मी दार लोटलं आणि स्टुलावर बसले. ०.६३०. शेवटचा अंक हलत होता. चादर सपाट होती. तिच्यावर खळगा नव्हता, सुरकुतीही नव्हती. मी ताटावर हात धरला, चादरीला न लावता. हाताला काही कळलं नाही.

उतर, असं मी मनात म्हणत होते. काट्याला म्हणत होते की तिला, सांगता येत नाही.

बराच वेळ सहाशे तीस राहिलं. मग सहाशे चाळीस झालं.

सातशे.

नऊशे साठ.

मी उठून टेबलाला धक्का लागत नाही ना ते पाहिलं. वायर पाहिली. ताटाखाली काही अडकलंय का पाहिलं. या सगळ्या गोष्टी मी योग्य क्रमाने केल्या.

दीड किलो.

दोन किलो दोनशे.

आकडा आता थांबत नव्हता. हळू नव्हता, घाईत नव्हता. दूध बाटलीत चढावं तसा चढत होता.

तीन.

चार किलो तीनशे दहा. आम्ही तिला आणलं त्या दिवशीचा आकडा. तो क्षणभर दिसला आणि गेला.

पाच.

पाच किलो साठ.

तिथे थांबला. म्हणजे, थांबला नाही. शेवटचा अंक हलत राहिला. साठ, अठ्ठावन्न, बासष्ट, साठ.

मी स्टुलावर बसले. बदकाकडे पाहिलं. बबडीचं डोकं नेहमी बदकाकडे असायचं. मी बदकाच्या जरा खाली, हवेत, बघत राहिले.

दार उघडलं. मोठी सिस्टर धापा टाकत होती, तिचा चेहरा फुलला होता. "ताई, झालं. व्यवस्थित झालं. भोक बुजवलं, हृदय पहिल्याच झटक्यात सुरू झालं म्हणे. चला, उठा, काय इथे बसलाय एकट्या..."

बोलता बोलता ती टेबलापाशी आली आणि तिचं बोट सवयीने बटणावर गेलं.

०.०००.

"अगंबाई," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणाला होतात, नाही का? सॉरी हं."

शून्याच्या आसपासची दोन-चार ग्रॅमची हालचाल असले काटे दाखवत नाहीत. आता एकच खूण उरली होती. ते गेलं, की काटा उणे दाखवेल.

त्या दिवशी काट्याने उणे दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बबडी अतिदक्षता विभागात असेपर्यंत मी रोज येऊन बघून जात होते. सिस्टर इतर बाळांची वजनं करत होती. पैलवान वाढत होता. प्रत्येक बाळ उचललं की काटा शून्यावर यायचा.

बबडी वॉर्डात परत आली तेव्हा गुलाबी होती. नखं गुलाबी, ओठ गुलाबी. पूर्ण बाटली न थांबता प्यायची. नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सगळे आकडे चांगले होते. मी ते रोज विचारून घेत होते. पण ती रडत नव्हती. हाक मारली की बघत नव्हती. बोट तळहातावर ठेवलं की मूठ उघडीच राहायची. आणि गुणगुणत नव्हती.

"वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "भूल, औषधं, केवढी जीवघेणी दगदग. येईल हळूहळू."

"कुठून?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. नवऱ्याला कळला. त्याने माझा दंड धरला आणि डॉक्टरांचे आभार मानले.

"अगं, पोर रडत नाही म्हणून तोंड पाडून बसणारी आई तूच पहिली," तो मला बाहेर म्हणाला. चेष्टेचा सूर लावायचा प्रयत्न केला होता त्याने. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "मलाही ते ऐकू येत नाहीये गं. मी रोज कान लावून बघतो."

घरी सोडायच्या दिवशी शिंपीणबाईंनी बबडीला झबलं दिलं. पुढून उघडणारं, टाक्यांना घासू नये म्हणून आतली शिवण बाहेर घेतलेली. "आता काट्याचा नाद सोडा मॅडम," त्या म्हणाल्या. "पोरीला घ्या आणि सुटा."

शेवटचं वजन झालं. चार किलो नऊशे ऐंशी. ऑपरेशननंतर थोडं उतरतंच. मी तिला उचललं. ०.०००. अंक जराही हलला नाही.

"बघा," सिस्टर म्हणाली, "जाता जाता सुधारला."

नवऱ्याने बबडीला घेतलं, पिशवी खांद्याला लावली. "मी खाली गाडी बोलावतो. ये लगेच." त्याच्या खांद्यावरून तिचं तोंड माझ्याकडे होतं. डोळे उघडे. ते दोघं जिन्याकडे वळले.

समोरून एक माणूस आला. त्याच्या हातात खोकं होतं. तो वजनाच्या खोलीत शिरला, खोकं टेबलाखाली ठेवलं आणि वायरला हात घातला.

"काय करताय?" मी विचारलं.

"नवा काटा आलाय. हा जुना न्यायचा."

"कुठे?"

"गोदामात. मग भंगारात. तक्रार होती ना, शून्यावर येत नाही म्हणून." त्याने खिशातला कागद उलगडला, माझ्याकडे पाहिलं. "एका मॅडमनीच लिहून दिलीय."

"मीच ती. एक मिनिट थांबा. प्लग काढू नका."

"अहो, मला आणखी तीन ठिकाणी जायचंय..."

"एकच मिनिट."

त्याने वायर सोडली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. सिस्टर बेसिनपाशी होती. तिने नळ बंद केला.

मी बेसिनशी जाऊन हात धुतले, पुसले. कोमट व्हावेत म्हणून एकमेकांवर घासले. मग टेबलाशी आले. डावा हात बदकाच्या जरा खाली, डोक्याला आधार द्यावा तसा नेला, उजवा खाली, कुल्ल्यांखाली धरावा तसा. चादरीला स्पर्श होऊ दिला नाही. हातांना काहीच लागलं नाही. ना ऊब, ना भार. मी वाकले, सवयीने श्वास रोखला आणि दोन्ही हात एकदम, सावकाश, छातीशी आणले.

"ताई," सिस्टर म्हणाली.

काट्यावर आकडा होता. उणे ५.०६०.